विसाव्याची वंशावळ

नागपूरकर बटाट्याला आलू म्हणतो. पोर्तुगीजांनी किनाऱ्यावर उतरवलेला 'बटाटा' हा शब्द घाट चढून पुण्यापर्यंत आला, पण विदर्भात शिरताना हिंदीच्या आलूने त्याला वेशीवरच थोपवलं. पगाराला मात्र कुणी थोपवलं नाही. पोर्तुगीज 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणं. मराठीत येऊन तो नाम झाला आणि वर्ध्यापासून गोंदियापर्यंत महिन्याच्या अखेरीस सगळे त्याचीच वाट बघतात. या पागारच्या मागे लॅटिन 'पाकारे' आहे आणि पाकारेच्या मागे 'पाक्स', म्हणजे शांती. दारात तणतणत आलेल्या सावकाराच्या हातावर पैसे टेकवले की तो शांत होतो. शांत करणं या अर्थाचं क्रियापद असंच पैसे देण्याकडे सरकलं. फ्रेंच 'पेये', इटालियन 'पागारे', स्पॅनिश 'पागार' आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत गेलेला 'पे' ही सगळी त्या एका पाक्सची प्रजा. पगार थकला की घरातली शांतता का ढळते, याचा खुलासा व्युत्पत्तीतच आहे.

शांतता आणि विश्रांती यांचे शब्द तपोवनातून आणि मठांतून येतात अशी आपली एक गोड समजूत असते. लॅटिनच्या घराण्याचा कागद उलगडून पाहिला तर निराळंच दिसतं. तिथे या शब्दांना ऊन आहे, ओझं आहे, देणंघेणं आहे, जहाज आहे. आणि तोच कागद घेऊन मराठीकडे वळलं तर आपलं घरही फारसं वेगळं नाही. हा सगळा पसारा एकदा नीट पाहावा, एवढाच या लेखाचा उद्देश. त्यासाठी लागणारं काम विद्वानांनी कधीच करून ठेवलं आहे. जर्मन पंडित फ्रीडरिश डीत्स यांचा लॅटिनोद्भव भाषांचा व्युत्पत्तिकोश १८५३ सालचा. स्पॅनिशसाठी जोआन कोरोमिनास यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर असाच प्रचंड कोश रचला. लॅटिनच्या लेकींवर तासून घेतलेली ऐतिहासिक पद्धत मराठीला लावली तीही एका फ्रेंच माणसाने. झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या जडणघडणीवरचा ग्रंथ १९२० साली पॅरिसला निघाला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला. आपल्या भाषेची कुळकथा लॅटिनच्या नातवाने लिहावी, यात मला अजूनही गंमत वाटते.

लॅटिनकडे विश्रांतीचा मुख्य शब्द होता 'क्विएस'. झोप, स्वस्थता, भांडणानंतरची निवळ, सगळं त्यात मावायचं. एवढा मानाचा शब्द, पण बाजारात आणि शेतात त्याचं नाम टिकलंच नाही. टिकलं ते विशेषण, 'क्विएतुस', आणि तेही तोंडातोंडी घासून इतकं बदललं की ओळख पटू नये. इटालियनमध्ये ते 'केतो' झालं, स्पॅनिशमध्ये 'केदो', फ्रेंचमध्ये 'क्वा'. दूर काळ्या समुद्राकडच्या रुमानियनमध्ये त्याचं 'इंचेत' झालं आणि अर्थ आला हळू, सावकाश. स्पॅनिश 'केदार' म्हणजे राहणं, उरणं, हेही याच झाडाचं. फ्रेंच 'क्वा' इंग्रजीत गेला आणि लाजऱ्या मुलीचं विशेषण 'कॉय' होऊन बसला.

दुसरी फांदी कचेरीकडे गेली. देण्याघेण्यातून मोकळा झालेला तो 'क्विएतुस', म्हणून फ्रेंच 'कीत', आणि त्यातून इंग्रजीचे 'क्विट' आणि 'ॲक्विट'. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाच्या आवारात काळ्या कोटातली मंडळी "ॲक्विट झाला" असं मराठीतच बोलतात. आरोपीच्या मागची कटकट मिटली, तो निवांत झाला, असा त्या शब्दाचा अगदी मुळातला अर्थ. त्याच आवारातलं 'व्हेकेशन' वेगळ्या मुळाचं. लॅटिन 'वाकारे' म्हणजे रिकामं असणं. भांडंही रिकामं आणि माणूसही रिकामा, हे मराठीला समजावून सांगावं लागत नाही. नागपुरात तर "खाली आहे का?" हा प्रश्न ऑटोवाल्यालाही विचारतात आणि मित्रालाही.

पुढे पंडित लोक पुन्हा लॅटिन पोथ्यांकडे गेले आणि 'क्विएतुस' जसाच्या तसा उचलून आणला. त्यामुळे स्पॅनिशमध्ये 'केदो' आणि 'क्येतो', इटालियनमध्ये 'केतो' आणि 'क्विएतो' अशा जोड्या झाल्या. शाळेत तद्भव आणि तत्सम हे प्रकरण आपण पाठ केलेलं असतं, ते नेमकं हेच. संस्कृत 'विश्राम' प्राकृतातून घरंगळत येऊन 'विसावा' झाला आणि पुढे 'विश्राम' व 'विश्रांती' पोथीतून पुन्हा आले. विश्रांती डॉक्टर सांगतात, विसावा पाय मागतात. माझ्या मते तद्भव नेहमी अंगाला जास्त चिकटून असतो. सरकारी 'विश्रामगृह' आणि वाटेवरचा 'विसावा' यांतला फरक प्रवास केलेल्या कुणालाही कळतो.

आता उन्हाकडे येऊ, कारण या विषयातला सगळ्यात श्रीमंत भाग तिथे आहे आणि नागपूरच्या वाचकाला तो सांगायला टीपा लागत नाहीत. २३ मे २०१३ रोजी इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. नवतपा लागला की दुपारी एक ते चार या वेळात सीताबर्डीचा रस्तासुद्धा ओस पडतो. दुकानाचं शटर अर्धं खाली, आत कूलरची घरघर, वाळ्याच्या ताटीवर पाणी मारलेलं, आणि गल्लीत दुपट्ट्याने डोकं बांधलेला एखादाच माणूस. आपण याला शुकशुकाट म्हणतो. ग्रीक भाषेत जाळणाऱ्या उन्हाला 'काउमा' म्हणत. उत्तरकालीन लॅटिनने तो उचलला आणि बायबलच्या लॅटिन भाषांतरातही तो आला. उष्ण असणं या अर्थाचं 'कालेरे' हे क्रियापद शेजारीच होतं. त्याच्या संगतीने मधे 'ल' शिरला आणि इटालियन, स्पॅनिश, पोर्तुगीज या तिघींत 'काल्मा' तयार झाला. आधी अर्थ होता भर दुपारचं ऊन. मग त्या उन्हात सगळं थांबतं, तो थांबा. मग वारा पडलेला समुद्र. शेवटी मनाची शांती. इंग्रजी 'काम' हा शब्द याच वाटेने आला. पोर्तुगीजमध्ये तर 'काल्मा'चा दुपारची तलखी हा जुना अर्थ कोशात अजून शाबूत आहे. योगवर्गात शिकवतात ती शांती मुळात उष्म्याची लेक आहे, हे मे महिन्यातल्या नागपूरकराला पटेल. डिसेंबरातल्याला जरा जड जाईल.

त्याच काउमाचं क्रियापद झालं 'काउमारे', उन्हाच्या वेळी काम सोडून बसणं. माणसांआधी ते गुरांना लागू होतं. दक्षिण फ्रान्समध्ये मेंढ्या भर दुपारी सावलीला दाटीवाटीने उभ्या राहतात, त्याला तिथल्या बोलीत हेच क्रियापद वापरत. स्वित्झर्लंडमधल्या फ्लिम्स गावाजवळ 'लाग ला काउमा' नावाचं तळं आहे. रोमान्श ही लॅटिनची धाकटी, जेमतेम तग धरून असलेली लेक. तिच्यात 'काउमा' म्हणजे दुपारचा विसावा. आपल्याकडचा गुराखी दुपारी कळप बाभळीखाली बसवतो, गुरं डोळे मिटून रवंथ करतात आणि तो काठीवर हनुवटी टेकून उभ्या उभ्या डुलकी काढतो. त्या तासाला तिकडे नाव मिळालं आणि ते तळ्यालाही चिकटलं. फ्रेंचने मात्र या शब्दाची रयाच घालवली. 'काउमारे'चं तिथे 'शोमे' झालं, काम बंद ठेवणं, आणि त्यातून 'शोमाझ', म्हणजे बेकारी. सणाच्या सुट्टीलाही हेच क्रियापद आणि रोजगार गेलेल्या माणसालाही. कारखान्यांच्या काळात सावलीतला तास कुणाचा आणि कुणी दिलेला, हा प्रश्न आला आणि शब्दाचा रंग उडाला. विश्रांतीचे शब्द कष्टकऱ्यांनी घडवले आणि बिघडवले हिशेबनिसांनी, असं मला या साऱ्या कुळकथेत वारंवार दिसतं.

दुपारच्या झोपेचा सर्वांत प्रसिद्ध शब्द 'सिएस्ता', तो मात्र घड्याळातून आला. रोमन लोक उजेडाच्या वेळेचे बारा भाग करत. त्यातली सहावी होरा म्हणजे मध्यान्ह, 'होरा सेक्स्ता'. (ज्योतिषातला आपला होरा मूळ ग्रीकच, तोही दूरचा पाहुणा.) सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तीत उन्हाळ्याच्या दिवसांत सहाव्या होरेनंतर जेवण उरकून खाटेवर पडावं आणि पूर्ण मौन पाळावं अशी आज्ञा आहे, कुणाला वाचायचंच असेल तर शेजाऱ्याची झोप न मोडता वाचावं. एका वाक्यात दुपार, विसावा आणि मौन तिन्ही बसवणारा असा दुसरा मजकूर माझ्या वाचनात नाही. सिएस्ताची टिंगल करणारे उत्तर युरोपात पुष्कळ आणि वामकुक्षीची टिंगल करणारे आपल्याकडे. दोघांनीही नागपुरात मे काढावा.

बेनेडिक्टने पडून राहण्यासाठी वापरलेलं क्रियापद होतं 'पाउसारे'. हेही मूळ ग्रीक, थांबणं. त्याला 'रे' लागून झालं 'रेपाउसारे', आणि क्विएसची गादी खऱ्या अर्थाने चालवली ती याने. फ्रेंच 'रपो', इटालियन 'रिपोझो', स्पॅनिश 'रेपोसो' ही त्याचीच मुलं. उपसर्गाविना उरलेल्या क्रियापदातून स्पेनमध्ये 'पोसादा' आणि पोर्तुगालमध्ये 'पोउसादा' झाले, वाटसरूने पाठ टेकायची जागा, म्हणजे धर्मशाळा किंवा खाणावळ. नेमका आपला विसावा. वारीत पालखीचा मुक्काम वेगळा आणि विसावा वेगळा. मुक्कामाला रात्र काढायची, विसाव्याला खांदे मोकळे करायचे, पाणी प्यायचं आणि पुढे निघायचं.

हाच शब्द विदर्भातल्या गावांत, महाराष्ट्रात इतरत्रही, आणखी एका वाटेवर भेटतो. अंत्ययात्रा घरून निघाली की स्मशानाच्या अलीकडे एका ठरलेल्या जागी तिरडी जमिनीवर ठेवतात. ती जागा म्हणजे विसावा. कुठे नुसतं झाड असतं, कुठे दगडी ओटा. तिथे खांदेकरी बदलतात, तिरडीची दिशा फिरवतात, मागचा पुढे येतो. दोन-तीन मिनिटांचं काम. विसावा नेमका कुणाचा, खांद्यांचा की गेलेल्याचा, हे कुणी विचारत नाही. रुमानियनने इथे आपल्याला गाठलं आहे. तिच्यात रेपाउसारेचा 'रपोसा' झाला आणि अर्थ झाला मरण पावणं. 'रपोसात' म्हणजे कैलासवासी. जिवंत माणसाच्या विश्रांतीसाठी तिने मग स्लाव शेजाऱ्यांकडून 'ओदिख्ना' उसना घेतला, ज्याच्या मुळाशी श्वास आहे. दम खाणं म्हणा ना.

स्पॅनिश आणि पोर्तुगीज यांनी आणखी एक शब्द केला, 'देस्कान्सो'. 'कान्सार' म्हणजे दमवणं, आणि 'देस' म्हणजे ते उलटवणं. कान्सारचा मागोवा कोरोमिनास एका ग्रीक क्रियापदापर्यंत घेऊन जातात, वळणं, वळसा घालणं. लांबचा वळसा घेतला की थकवा आलाच. 'वि' आणि 'श्रम' जोडून झालेला आपला विश्राम तंतोतंत याच रचनेचा आहे. आधी श्रम, मग त्यांचं जाणं. स्वतंत्र, कमावल्याशिवाय मिळणारी विश्रांती या दोन्ही शब्दांना ठाऊकच नाही.

बसण्यातून आलेले शब्द गोव्याच्या वाटेने थेट आपल्या दाराशी येतात. लॅटिन 'सेदेरे' म्हणजे बसणं, 'सेदारे' म्हणजे बसवणं, शमवणं. डॉक्टर देतात ते 'सेडेटिव्ह' तिथलंच. त्याच मुळापासून बोलभाषेत एक क्रियापद झालं, त्यातून स्पॅनिश 'सोसिएगो' आणि पोर्तुगीज 'सुसेगु', आणि मग कोकणीतलं प्रसिद्ध 'सुसेगाद'. पर्यटनाच्या जाहिरातींनी त्याचा अर्थ आळस करून टाकला, हा शब्दावर अन्याय आहे. धावपळ संपून, तळ गाठून, माणूस नीट बसला आहे, असा त्याचा भाव. मराठीला हे नातं आतून माहीत आहे. धूळ बसते, गाळ बसतो, आणि उभ्या असलेल्या पोरालाही नागपूरची आई "चूप बस ना बे!" म्हणूनच दटावते. वऱ्हाडीत "गुमान बस" म्हणतात. तिथेही बसणं आलंच. सेदेरेची आणखी एक लेक इंग्रजीत 'सेशन' झाली. १९५३च्या नागपूर करारामुळे दर हिवाळ्यात विधिमंडळ इथे येऊन बसतं, सिव्हिल लाइन्सचे रस्ते मोर्चांनी आणि बॅरिकेडांनी भरतात. गोव्यातलं सुसेगाद आणि नागपुरातलं हे 'सेशन' एकाच आईचे आहेत, यावर विश्वास ठेवायला जरा वेळ लागतो.

न बोलण्याच्या शब्दांकडे धावती नजर पुरे. लॅटिनमध्ये 'सिलेरे' म्हणजे आवाज नसणं, रात्र असावी तसं, आणि 'ताकेरे' म्हणजे माणसाने तोंड मिटणं. शांतता आणि गप्प बसणं यांतला हा भेद जुन्या लेखकांनी पुरता पाळला असं नाही, पण होता. पहिलं क्रियापद विझलं, नाम पोथीतून 'सिलेन्सियो', 'सिलांस' होऊन परतलं आणि इस्पितळाबाहेरच्या 'सायलेन्स झोन'च्या पाटीपर्यंत पोचलं, जिच्याकडे बघून हॉर्न थांबल्याचं मी पाहिलेलं नाही. दुसरं मात्र घराघरात टिकलं, इटालियन 'ताचेरे', फ्रेंच 'तेर'. स्पॅनिशने खलाशांचा 'कायार' पसंत केला, जो मुळात दोर सैल सोडण्याचा, शीड उतरवण्याचा शब्द आहे.

फावल्या वेळाला रोमन उमराव 'ओतियुम' म्हणत आणि त्याचा नकार करून त्यांनी कामधंद्याला नाव दिलं, 'नेगोतियुम'. ज्याच्याकडे गुलाम आहेत त्यालाच असा शब्द सुचावा. आज इटलीत 'नेगोत्सियो' म्हणजे साधं दुकान, आणि 'ओत्सियो' म्हणजे जवळपास आळस. सणाच्या सुट्टीचा 'फेरियाए' तर पार फिरला. चर्चच्या दिनदर्शिकेत तो वारांच्या नावांत शिरला, म्हणून पोर्तुगीज सोमवार हा 'सगुंदा फेइरा', आणि सुट्टीच्या दिवशी माणसं जमतात म्हणून 'फेइरा' म्हणजे बाजार. विश्रांतीचा शब्द गावातल्या सर्वांत गोंगाटाच्या जागेचं नाव झाला.

संस्कृत-मराठीकडची शांतता उन्हापेक्षा वाऱ्याकडे झुकलेली दिसते, आणि हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. 'निवांत'चं मूळ 'निवात', जिथे वारा नाही अशी जागा. दूध निवतं, भाकरी निवते, त्या 'निवणे'च्या मागे विझणं, थंडावणं या अर्थाचा तोच 'वा' धातू आहे, ज्यातून 'निर्वाण' झालं. तिकडे शांती तापण्यातून निघाली, इकडे निवण्यातून. 'शांत'च्या धातूला वैदिक काळी कष्ट करणं हाही अर्थ होता. तिथे तो पुन्हा स्पॅनिश देस्कान्सोच्या जवळ येतो.

मरणाशी हे सगळे प्रवाह एकत्र येतात. क्विएसचं नाम बाजारात मेलं तरी 'रेक्विएस' हा त्याचा भाऊ चर्चने जपला. मृतांसाठीच्या लॅटिन प्रार्थनाविधीचं नाव 'रेक्वियम' हे त्या विधीच्या पहिल्याच शब्दावरून पडलं. मोत्सार्टने १७९१ साली त्याला दिलेलं संगीत त्याच्या स्वतःच्या मृत्यूमुळे अपुरं राहिलं. शार्क माशाचं फ्रेंच नाव 'रकँ' हेही रेक्वियमवरून आलं, अशी एक जुनी कथा आहे. ऐकायला झकास, पण आता तिच्यावर फारसं कुणी विसंबत नाही. नागपूरला ही लॅटिन घेऊन आले ते फ्रान्समधल्या ॲनसीचे सेंट फ्रान्सिस डी सेल्स संस्थेचे मिशनरी. नागपूरचा कॅथलिक धर्मप्रांत १८८७ सालचा. सेमिनरी हिल्स हे टेकडीचं नाव तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून पडलं आहे, आणि सेमिनरी म्हणजे लॅटिनमध्ये रोपवाटिका. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६०च्या दशकात, मिस्सा हा प्रार्थनाविधी लॅटिनऐवजी लोकभाषांत सुरू झाला. थडग्यांवरची तीन अक्षरं मात्र राहिली, आर आय पी. ती लॅटिन 'रेक्विएस्कात इन पाके'ची. इंग्रजी 'रेस्ट इन पीस'चं पहिलं अक्षरही आर यावं हा निव्वळ योगायोग, कारण 'रेस्ट'चं कूळ जर्मानिक आहे, लॅटिनशी त्याचं नातं नाही.

मराठीत आज शोकसंदेशाचं ठरलेलं वाक्य आहे, मृतात्म्यास चिरशांती लाभो. जुनी मराठी वळणं निराळी होती. माणूस निवर्तला, कैलासवासी झाला, त्याला सद्गती मिळो. प्रवास आणि मुक्काम यांचीच ती भाषा. कबरीत पडून राहिलेल्या देहासाठी मागितलेली कायमची विश्रांती दहन करणाऱ्या समाजाच्या तोंडी कशी बसली, याचा विचार करताना मला इंग्रजी शाळा, इंग्रजी वर्तमानपत्रं आणि त्यांच्या मागची लॅटिन दिसते. 'शांत झाले' असं आपण पूर्वीही म्हणत असू, पण 'चिर' हे विशेषण रेक्वियमच्या प्रार्थनेची आठवण करून देतं.

आणि नागपुरात हे वाक्य सगळ्यांना चालत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आज जिला दीक्षाभूमी म्हणतात त्या जागी लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला, आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्यांचं निधन झालं. तो दिवस महापरिनिर्वाण दिन. बौद्ध घरात आत्मा मानत नाहीत. मग आत्म्याला शांती मागणार कोण आणि कुणासाठी? म्हणून निधनवार्तेत 'भावपूर्ण आदरांजली' लिहितात आणि पुढच्या कार्यक्रमाला तेरवी न म्हणता पुण्यानुमोदन म्हणतात. सवयीने कुणी गटावर आर आय पी टाकलंच, तर घरातला एखादा तरुण लगेच खाली लिहितो, "काका, आपल्यात असं नसते लिहीत."